कारच्या ॲम्प्लिफायरचा गेन लावायचा कशाने: कानाने, मल्टिमीटरने की ऑसिलोस्कोपने?

गेनचा स्क्रू फिरवला की आवाज वाढतो, म्हणून बरेच जण त्याला व्हॉल्यूमच समजतात आणि शेवटपर्यंत पिळून ठेवतात. गेनचं काम वेगळं आहे. हेड युनिटच्या (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या) आरसीए आउटपुटमधून, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या जोडणीतून, किती व्होल्टचा सिग्नल येतो, त्याच्याशी ॲम्प्लिफायरचं इनपुट जुळवून घेणं एवढंच ते काम. एखादं हेड युनिट 2 व्होल्ट देतं, एखादं 4 किंवा 5. त्यामुळे मित्राच्या गाडीत स्क्रू जिथे आहे तिथेच आपणही ठेवायचा, याला अर्थ नाही. गेन जास्त झाला की ॲम्प्लिफायर क्लिप होतो, लहरींचे माथे सपाट होतात आणि स्पीकरची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) तापत जाते.

पद्धत कोणतीही निवडा, आधी इक्वलायझर सपाट करा आणि बास बूस्ट, लाउडनेस बंद ठेवा. हे नंतर वाढवलंत तर केलेली सगळी जुळणी वाया जाते.

कानाने लावायला काही लागत नाही. गेन शून्यावर, हेड युनिटचा व्हॉल्यूम साधारण तीन चतुर्थांश, आणि ओळखीचं स्वच्छ रेकॉर्डिंग. आवाज फाटायला लागेपर्यंत गेन वाढवायचा आणि तिथून थोडा मागे घ्यायचा. दारातल्या स्पीकरसाठी ही पद्धत मला पटते, कारण गायकाचा आवाज किंवा झांज फाटली की कानाला लगेच टोचते. सबवूफरला, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणाऱ्या स्पीकरला (थोडक्यात सबला), मात्र हीच पद्धत दगा देते. खालच्या बासमधलं क्लिपिंग कानाला उशिरा कळतं; उलट सुरुवातीला बास अधिक भरीव झाल्यासारखा वाटतो आणि हात आणखी पुढे जातो. नुसत्या कानाच्या भरवशावर सब लावू नका.

मल्टिमीटरची पद्धत बहुतेकांना पुरते. स्पीकरच्या वायरी काढायच्या, 0 डीबीचा, म्हणजे पूर्ण पातळीचा, टेस्ट टोन लावायचा (सबसाठी 50 हर्ट्झ, बाकी स्पीकरसाठी 1000), आणि ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला एसी व्होल्ट मोजत ठरलेल्या आकड्यापर्यंत गेन वाढवायचा. आकडा काढायला वॉट आणि ओहमचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. 4 ओहमला 300 वॉट हवे असतील तर 1200 चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 34.6 व्होल्ट. तेच 300 वॉट 2 ओहमला हवे असतील तर 24.5. इथे वॉट आरएमएसचेच, म्हणजे सतत चालणाऱ्या ताकदीचे, धरा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘मॅक्स’ आकडा धरलात तर स्पीकर जाळायची तयारीच केलीत. स्पीकरची क्षमता ॲम्प्लिफायरपेक्षा कमी असेल तर हिशेब स्पीकरचा.

या पद्धतीत दोन उणिवा आहेत. स्वस्त मीटर घरातल्या विजेच्या 50-60 हर्ट्झच्या आसपास बरोबर दाखवतात, पण 1000 हर्ट्झला पुष्कळदा चुकतात. म्हणून सबला मीटर आणि दारांच्या स्पीकरला कान, अशी विभागणी जास्त भरवशाची. दुसरी उणीव मोठी: लहरीचा आकार मीटरला दिसत नाही. हेड युनिटच आधी क्लिप होत असेल, तरी मीटर 34.6 दाखवून मोकळा होतो.

तिथे लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप उपयोगी पडतो. आधी हेड युनिटच्या आउटपुटला लावून व्हॉल्यूमच्या कितव्या आकड्यावर माथा सपाट होतो ते पाहायचं, त्याच्या एक पायरी खाली थांबायचं आणि मग ॲम्प्लिफायरकडे वळायचं. कंपनीने बसवलेला मूळ स्टिरिओ ठेवून त्यावर ॲम्प्लिफायर जोडणार असाल, तर माझं मत ठामपणे ऑसिलोस्कोपच्या बाजूने आहे. असे अनेक स्टिरिओ व्हॉल्यूम वाढला की बास आपोआप कमी करतात. मीटरवर तो फक्त घटलेला आकडा दिसतो, त्यामागे क्लिपिंग आहे का ते कळत नाही. मोठ्या वॉटेजच्या सबलाही हीच पद्धत घ्या. ऑसिलोस्कोप हातात मावणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा घ्या. ब्रिज केलेल्या (दोन जोडून एक केलेल्या) चॅनेलची दोन्ही टोकं जिवंत असतात; मेन्सवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावली तर शॉर्ट होऊ शकतो.

काही तक्रारी मात्र गेनने सुटत नाहीत. इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी-उतरणारी किणकिण बहुधा ग्राउंडची असते: वायर आखूड ठेवा आणि बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या धातूला जोडा. ॲम्प्लिफायरवरचा प्रोटेक्टचा (दोष आढळल्यावर पेटणारा) दिवा लागला तर स्पीकर आणि आरसीए दोन्ही काढा. तरीही तो जात नसेल तर दोष बहुधा ॲम्प्लिफायरच्या आत आहे. बासच्या ठोक्याला ॲम्प्लिफायर बंद पडत असेल तर गाणं चालू असताना त्याच्या पॉवर टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 अपेक्षित असतात. ठोक्यागणिक आकडा बराच खाली जात असेल तर वायर बारीक आहे, जोड सैल आहे किंवा बॅटरी थकली आहे. हे नीट करून मगच गेनला हात लावा, कारण व्होल्ट पडले की क्लिपिंगची हद्दही खाली येते.

आणि गेन लावताना हेड युनिटचा व्हॉल्यूम ज्या आकड्यावर होता, तो गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.