जनुक चाचणी की ‘जैविक वय’? पैसे कशावर घालावेत

नळीत लाळ भरायची, कुरिअर करायची. म्हणून दोन्ही चाचण्या सारख्याच वाटतात. जनुक चाचणी डीएनएमधली अक्षरे वाचते. ती जन्मभर तीच, त्यामुळे चाचणीही सहसा एकदाच. ‘जैविक वया’ची चाचणी त्या अक्षरांवर चिकटलेले मेथिल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, मोजते. कोणते जनुक किती चालेल यात त्यांचा हात असतो, आणि वय, तंबाखू, आजारपण यांनी ते बदलत राहतात.

आईला किंवा आत्याला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल, घरात कुणाला बीजाशयाचा झाला असेल, तर दुसरा विचार नको, जनुक चाचणीच करा. बीआरसीए-1 या जनुकात घातक बदल असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता 60 ते 70 टक्क्यांच्या घरात जाते. हा बदल वडिलांकडूनही येतो, हे आपल्याकडे हमखास विसरले जाते. आणि कळल्यावर हाताशी उपाय असतात: लवकर सुरू केलेले एमआरआय, गरज पडल्यास शस्त्रक्रिया.

पण यासाठी घरपोच किट नको. अमेरिकेत 2018 मध्ये अशा किटला परवानगी मिळाली, तेव्हा हजाराहून जास्त ज्ञात बदलांपैकी ते तीनच तपासत होते, तेही मुख्यतः अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपीय वंशाच्या) ज्यूंमध्ये आढळणारे. कुलकर्णी-पाटलांच्या घरात त्या ‘निगेटिव्ह’ला काय अर्थ? जनुक समुपदेशकाला गाठा. शक्य असेल तर आधी आजारी व्यक्तीचीच तपासणी करा. तिच्यात बदल सापडला की बाकीच्यांनी नेमका तेवढाच शोधायचा.

मधुमेहासाठी मात्र जनुक चाचणी सहसा फुकट खर्च. टीसीएफ7एल2 हे त्यातले ठळक जनुक, पण त्याच्या जोखमीच्या एका प्रतीने धोका वाढतो जेमतेम 1.4 पट. आई-वडील दोघांना साखर असेल तर तेवढी माहिती तुम्हाला आधीच आहे. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या.

जैविक वयाचे म्हणाल, तर शास्त्रज्ञ स्टीव्ह होर्व्हाथ यांनी 2013 मध्ये डीएनएवरच्या 353 जागांच्या मेथिलेशनवरून (मेथिल गट चिकटण्यावरून) वय काढणारे ‘घड्याळ’ तयार केले, आणि संशोधनासाठी ते मोलाचे आहे. तुमच्या हाती मात्र ‘वय 42, शरीर 47’ एवढाच आकडा येतो. पुढचा सल्ला ठरलेला: चाला, झोपा, तंबाखू सोडा. त्यासाठी पैसे मोजायचे कशाला?

मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा गाठीत डॉक्टरांनी एमजीएमटी जनुकाचे मेथिलेशन तपासायला सांगितले, तर ती वेगळी गोष्ट. टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचे औषध कितपत लागू पडेल याचा अंदाज त्यावरून येतो. तिथे टाळाटाळ करू नका.