इब्री १२ वाचण्यासाठी युव्हर्जनचं बायबल ॲप: काय मिळतं, काय राहून जातं

देव आपली चूक दाखवतो ती प्रेमापोटी, हे शिकवायचं झालं की बहुतेक ठिकाणी बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचं १२:६ उघडलं जातं आणि तिथेच मिटलं जातं. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो आणि पुत्र म्हणून स्वीकारतो त्याला फटके मारतो, असं ते वचन आहे. ते एकच वचन सुटं वाचलं तर देवाच्या हातातला चाबूक तेवढा दिसतो. खरा उतारा ५ ते ११ असा सात वचनांचा आहे. लाइफ.चर्च या अमेरिकन मंडळीने २००८ साली आणलेलं हे ॲप त्या सात वचनांसाठी कितपत कामाचं आहे, एवढंच इथे तपासलं आहे. ॲप फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत.

सगळ्यात मोलाची सोय म्हणजे तुलना. इब्री १२ उघडा, सहाव्या वचनावर बोट टेकवा. खाली रंगांची पट्टी येते, तिथेच ‘तुलना’ आहे. त्यात बायबल सोसायटीची आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) आणि आय.आर.व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) या दोन मराठी आवृत्त्या घ्या. पहिलीत देव ‘शिक्षा’ करतो, दुसरीत ‘शिस्त’ लावतो. मूळ ग्रीक शब्द आहे पायदेया, म्हणजे मुलाला घडवणं, वाढवणं, शिकवणं. खरं तर आपल्या ‘शिक्षा’ शब्दाचंही मूळ शिकण्यातच आहे, पण आज तो ऐकला की शाळेतली छडी आठवते. अकराव्या वचनात मात्र आर.व्ही.ने बाजी मारली आहे. तिथे मूळ क्रियापद आखाड्यातल्या सरावाचं आहे आणि मराठीत ‘वळण लागणे’ आलं आहे. इतका नेमका शब्द दुसरा सापडणार नाही. वळण एका दिवसात लागत नाही, आणि लागताना सुखाचंही वाटत नाही.

ॲप जिथे कमी पडतं ती जागा पुन्हा सहाव्या वचनात आहे. ते जुन्या करारातल्या, मूळ हिब्रू असलेल्या नीतिसूत्रे ३:१२ मधून घेतलेलं आहे. पण तिथे मागे जाऊन पाहिलं तर चाबूक नाही. ‘बाप जसा आपल्या आवडत्या मुलाला’ असं आहे. हिब्रूत स्वरचिन्हं नंतर आली. तीच अक्षरं एका तऱ्हेने वाचली तर ‘बापाप्रमाणे’, दुसऱ्या तऱ्हेने वाचली तर ‘वेदना देतो’. जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर दुसऱ्या वाचनावर गेलं आणि इब्रीच्या लेखकाने ग्रीक पाठ उद्धृत केला. हा उलगडा ॲपमध्ये नुसतं वाचून होत नाही, मूळ शब्दांचा कोश त्यात नाही. शेजारी वचनांचा अर्थ उलगडून सांगणारा टीकाग्रंथ हवाच.

दुसरी अडचण रोजच्या वचनाची. सुंदर चित्रावर एखादंच वचन येतं आणि लगेच पुढे पाठवता येतं. आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाला इब्री १२:६ असं पाठवू नये, ही कळकळीची विनंती. योहान ९:३ मध्ये येशूने जन्मांधाच्या बाबतीत ‘कोणी पाप केलं’ हा हिशेबच नाकारला आहे. घरातल्या मारहाणीला या वचनाचा आधार देणं तर सरळ गैरवापर आहे. दहावं वचन स्पष्ट सांगतं की ऐहिक बाप स्वतःला योग्य वाटेल तसं वळण लावतात, देव मात्र आपल्या हितासाठी. म्हणजे चुकू शकणारा बाप आणि देव यांच्यात लेखकानेच अंतर ठेवलं आहे.

‘नोट’ची सोय चांगली वापरता येते. कोणी चूक दाखवली की त्याच दिवशी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, स्वतःचं स्पष्टीकरण न जोडता. दुसऱ्या दिवशी वाचून बोलण्याचा सूर आणि त्यातली वस्तुस्थिती वेगळी करा. सूर कडवट असला तरी त्यातली एखादी गोष्ट खरी असू शकते. मग खऱ्या भागापुढे लिहा: कोणाचं नुकसान झालं, काय परत करायचं, कोणाची क्षमा मागायची. क्षमा मागणं राहून गेलं की पश्चात्ताप नोटमध्येच अडकून पडतो. जतन करण्याआधी नोट ‘खाजगी’ आहे ना, ते पाहा. ती मित्रांना किंवा सगळ्यांना दिसेल अशीही ठेवता येते.

त्याच कारणाने ॲपमधल्या मित्रांच्या प्रतिक्रियांत कोणाची चूक काढू नये. मत्तय १८:१५ चा क्रम आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी असा आहे. गलतीकरांस ६:१ मध्ये सौम्यतेने ‘ताळ्यावर आणणं’ यासाठी जे क्रियापद आहे, तेच मत्तय ४:२१ मध्ये याकोब आणि योहान जाळी नीट करत होते तिथे आहे. फाटलेलं जाळं ओढून दुरुस्त होत नाही, मांडीवर घेऊन बसावं लागतं. हे काम समोर बसलेल्या पाळकाचं, फादरचं किंवा मैत्रिणीचं आहे, फोनचं नाही.

खेड्यातल्या प्रार्थनासभेसाठी हवी ती आवृत्ती ऑफलाइन उतरवता येते का ते घरीच पाहून घ्या. प्रकाशकाची परवानगी नसेल तर ती सोय मिळत नाही. सभेत मोठ्याने वाचायला आर.व्ही. घ्यावी, तरुणांना समजावताना आय.आर.व्ही., आणि चष्मेवाल्या आजी-आजोबांच्या हातात छापील प्रतच द्यावी.