विक्रेता 'स्क्रीन जोडू नका' म्हणाला, तर तेथेच थांबा

एकूण 1,32,000 रुपये गेले. त्यांतले 1,05,000 'खास हाय-रेझोल्युशन संगीतासाठी बांधलेल्या' संगणकाचे आणि 27,000 त्याला वीज पुरवणाऱ्या वेगळ्या लिनिअर (ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या) पॉवर सप्लायचे. 40,000 मी यूपीआयने दिले आणि 92,000 रोख. हा 'रोख' शब्द लिहितानाच मान खाली जाते, कारण पुढची सगळी दुर्दशा त्यातूनच निघाली. संगणकाची ती पेटी उघडून पाहणाऱ्या दुरुस्तीवाल्याने 'कोणी घेतलीच, तर सात-आठ हजार' असे तिचे मोल सांगितले.

मी भोळा मनुष्य नाही. एकतीस वर्षे बँकेत काढली आहेत आणि खोटी नोट मला बोटांना कळते. मी फोंडा तालुक्यात राहतो, केसरबाई केरकरांचे केरी याच तालुक्यातले, आणि गाणे आमच्या घरात वडिलांपासून आहे. साडेचारशे सीडी फ्लॅक स्वरूपात, म्हणजे मूळ ध्वनीतले काहीही न गमावता, उतरवून ठेवाव्यात, 24 बिट 96 किंवा 192 किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीहून बारीक नोंदीची 'हाय-रेझोल्युशन', विकत मिळणारी ध्वनिमुद्रणेही ऐकावीत, एवढीच इच्छा होती. चांगला डॅक, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा ध्वनी करून देणारे यंत्र, आधीच घेतला होता. त्याला जोडायला संगणक कोणता घ्यावा, हे तेवढे ठरत नव्हते. एका मैफलीच्या मध्यंतरात ओळख झालेला हा गृहस्थ घरी आला आणि म्हणाला की, पंख्याचा संगणक गोव्यात घेऊच नका. पंखा खारी, दमट हवा आत ओढतो, पावसाळ्यात बोर्ड गंजतो, आणि विलंबित आलाप चालू असताना त्याची घरघर ऐकू येते. यातले काहीही खोटे नव्हते. अशा माणसांचे निम्मे बोलणे खरेच असते, म्हणून तर उरलेले निम्मे आपल्या गळी उतरते.

जुलैत तो पेटी बसवायला आला, त्या संध्याकाळी मला कळायला हवे होते. माझ्या डॅकच्या दर्शनी भागावर छोटा पडदा आहे आणि संगणकाकडून येणाऱ्या ध्वनीचा सॅम्पलिंग दर, म्हणजे सेकंदाला किती हजार नोंदी येतात तो आकडा, त्यावर दिसतो. सीडीवरून उतरवलेले गाणे लावले तर तेथे 44.1 दिसायला हवे, त्याने आणलेले '192'चे लावले तर 192. दोन्ही वेळा 48 दिसले. मी बोट दाखवून विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, कांयच प्रॉब्लेम ना. तो आकडा डॅकचा, गाण्याचा नव्हे. तुम्ही कानांनी ऐका." पत्नीने विचारले, "पण गाणे बदलले की आकडा बदलायला नको का?" आणि परक्या माणसासमोर मीच तिला गप्प केले. आयुष्यभर आकड्यांवर जगलेल्या माणसाने त्या दिवशी आकडा सोडून कानांवर विश्वास ठेवला!

त्या 48चा अर्थ आता मला पाठ आहे. विंडोजचा मिक्सर येणारा प्रत्येक ध्वनी एका ठरावीक दरात बदलून पुढे पाठवतो. ते टाळायचे तर प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा असिओ हा मिक्सरला वगळून जाणारा मार्ग निवडावा लागतो. हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि 1,05,000 रुपये घेणाऱ्याने तेवढेही केले नव्हते.

मी मॉनिटर जोडायला निघालो, तर त्याने हातच धरला. स्क्रीनच्या तारेतून विजेचा गोंगाट आत शिरतो आणि आवाज मलिन होतो, सगळे फोनवरून चालवा, असा त्याचा आग्रह होता. विजेच्या गोंगाटाविषयी थोडेफार वाचलेले असल्यामुळे ते मला पटले. अर्धवट वाचन किती महाग पडते पाहा: प्रोसेसरचे नाव ज्या पानावर लिहिलेले असते, ते पान मी त्यामुळे सात आठवडे पाहिलेच नाही.

चवथीला पुण्याहून आलेल्या भाच्याने टीव्हीची केबल जोडून ते पान उघडले. सांगितलेल्या आय-सेव्हन या ताकदवान प्रोसेसरऐवजी आत 2013 सालचा, साधा सेलेरॉन जे1900 होता. 4 टेराबाइटच्या एसएसडीऐवजी कुठल्यातरी लॅपटॉपमधून काढलेली 1 टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क. पॉवर सप्लायच्या जड डब्यात ट्रान्सफॉर्मर नव्हताच, तर राउटरला असतो तसला साधा ॲडॉप्टर आणि वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी होती. 27,000 रुपयांची लोखंडी पट्टी! गाण्यांच्या फायली भाच्याने स्पेक या, ध्वनीतल्या कंपनांचा आलेख काढणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडल्या. खऱ्या 192च्या फाइलमध्ये दराच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 96 किलोहर्ट्झपर्यंत, जागा असते; यांचा आलेख 16 किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा थांबत होता, म्हणजे एमपी3 फुगवून केलेला माल. त्यात केसरबाईंची 78 आरपीएमच्या तबकड्यांवरची गाणीही '192' म्हणून होती. लाखेच्या तबकडीतून एवढे काय निघणार होते, हा प्रश्न मला पडला नाही, कारण गाणी फुकट मिळाल्याच्या आनंदात मी होतो.

सर्वांत जास्त चीड याची येते की एवढ्या ताकदीची गरजच नव्हती. 24 बिट 192 किलोहर्ट्झचा स्टिरिओ ध्वनी न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवला तरी सेकंदाला सुमारे 9.2 मेगाबिट होतो, आणि जुन्या यूएसबी 2.0ची क्षमताही 480 मेगाबिट आहे. तो जुना सेलेरॉनसुद्धा हे काम सहज करतो. म्हणूनच तर गाणी बिनबोभाट वाजत राहिली आणि संशय आला नाही. पैसे शांत पेटी, पुरेशी साठवण आणि त्या साठवणीची दुसरी प्रत यांवर घाला.

आता तक्रारीची कथा. ठाण्यातील अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "गाणे वाजते ना? मग फसवणूक कसली?" अर्जात लेखनिकाने 'हाय-रेझोल्युशन'चे 'हाय सोल्युशन' केले आणि ते दुरुस्त करायला मला पुन्हा रांगेत उभे केले. दुकान दुसऱ्या तालुक्यात, म्हणून तिकडे जा. तिकडे म्हणाले, व्यवहार तुमच्या घरी झाला, म्हणून इकडे. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 मी वाचून गेलो होतो, तर 'तुम्ही वकील आहात काय' हे ऐकावे लागले. हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटे धून ऐकवून मग सांगितले की 40,000 तुम्ही स्वखुशीने पाठवले आहेत. आणि प्रत्येक टेबलावर शेवटचा प्रश्न एकच होता: बिल कुठे आहे? बिल नाही. पक्के बिल घेतले तर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23,760 रुपये जास्त, असे तो म्हणाला आणि मी ते 'वाचवले'. मान्य आहे, चूक माझी. पण चोराला मोकळे सोडून फिर्यादीच्या लोभावर प्रवचन देणे हे कोणत्या पगारात बसते?

बिल नसले तरी यूपीआयची नोंद आणि फोनवरचे संदेश पुरावा म्हणून लावता येतात, हे मला कोणत्याही सरकारी टेबलावर सांगितले गेले नाही, वकिलाने सांगितले. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी दाखल केली आहे. त्या 92,000 रोखीचे काय होईल, यावर वकील काही बोलत नाहीत.

डिस्कची खरी जात आणि प्रोसेसरचे नाव पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पॉवर सप्लाय उघडून दाखवायला सांगा, नकार दिला तर चहा पाजून वाटेला लावा. भाच्याने 11,500 रुपयांना एक वापरलेला छोटा ऑफिस-संगणक आणून दिला आहे. त्यावर 96ची खरी फाइल लावली, तेव्हा डॅकवर 96 उमटले आणि पत्नी काहीच बोलली नाही.

त्या गृहस्थाचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. परवा त्याने नव्या गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याचे छायाचित्र स्टेटसला लावले होते. तीच काळी पेटी, शेजारी डॅक. मी छायाचित्र मोठे करून पाहिले, डॅकवर 48 दिसत होते.