संविधान सभेच्या चर्चांची वेबसाइट: राज्यशास्त्राच्या वर्गात वापरल्यावर

मी शहादा तालुक्यातल्या एका कॉलेजात बी.ए.ला राज्यशास्त्र शिकवते. आमच्याकडे या विषयाचं शिकवणं बहुतेक वेळा टिपांवर चालतं. ‘संविधानाची वैशिष्ट्ये लिहा’ म्हटलं की लिखित, विस्तृत, ताठरता आणि लवचीकता यांचा मेळ अशी यादी फळ्यावर येते, वहीत उतरते आणि पेपरात लिहून मोकळी होते. मुलं पास होतात. पण हे संविधान माणसांनी बसून, वाद घालून, एकमेकांचं खोडून काढत केलंय, याचा पत्ता त्या यादीत कुठे लागत नाही. हे मला फार खुपायचं. म्हणून ‘कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट’ ही वेबसाइट वर्गात आणली, आणि आता तिच्याशिवाय हा पेपर शिकवायची कल्पना मला करवत नाही.

बंगळुरूच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेने ती केली आहे. पैसे पडत नाहीत. ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीपासून २४ जानेवारी १९५० पर्यंतच्या चर्चा तारखेवार लावलेल्या आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची सोय म्हणजे प्रत्येक परिच्छेदाला खंड, दिवस आणि परिच्छेद असा क्रमांक दिलेला आहे. ‘इतका इतका क्रमांक काढा’ म्हटलं की सगळा वर्ग एकाच ओळीवर असतो. शिवाय एखादं कलम उघडलं की त्यावर चर्चा कधी झाली आणि मसुद्यात त्याचा क्रमांक काय होता, तेही सापडतं.

सुरुवात मी वेबसाइटच्या बाहेरून करते, यावल तालुक्यातल्या फैजपूरहून. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. एवढं आमच्या मुलांना ठाऊक असतं. प्रौढ मताधिकाराने निवडलेली संविधान सभा हवी, ही मागणी त्या अधिवेशनानेही लावून धरली होती, हे मात्र बहुतेकांना नवीन असतं. मग मी विचारते, दहा वर्षांनी सभा भरली तेव्हा ती तशी निवडलेली होती का? नव्हती. प्रांतांच्या कायदेमंडळांनी सदस्य निवडले, आणि त्या कायदेमंडळांसाठी मत द्यायचा हक्क मोजक्याच लोकांना होता. मग या सभेला सगळ्या देशाच्या वतीने बोलायचा अधिकार कुठून आला? या एका प्रश्नावर अख्खा तास जातो, आणि मी तो जाऊ देते.

यानंतर थेट १९ डिसेंबर १९४६. नेहरूंनी सहा दिवसांपूर्वी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा सुरू आहे आणि जयपाल सिंग मुंडा उभे राहतात. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, बिहारमधून निवडून आलेले. ते सांगतात की आपण जंगली आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पुढे म्हणतात की आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, लोकशाहीच्या रीती तुम्हीच त्यांच्याकडून शिकल्या पाहिजेत. माझ्या वर्गात भिल्ल आणि पावरा मुलं निम्म्याहून जास्त आहेत. धडगावकडची एक मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नव्हती, तिने हा परिच्छेद दोनदा वाचून दाखवला आणि मग आधी पावरीत, नंतर मराठीत सांगितला. तिच्या पाड्यावर जमीन-पाण्याचं भांडण पंचांपुढे कसं मिटतं, हे तिने आपणहून सांगितलं. बायकांना तिथे बोलू देत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. जयपाल सिंगांच्या म्हणण्यातलं काय पटलं आणि काय नाही, हे एका वाचनात तिच्या हाती आलं. मी चार व्याख्यानं देऊनही हे झालं नसतं. त्याच दिवशी दाक्षायणी वेलायुधन बोलल्या होत्या, सभेतल्या एकमेव दलित महिला सदस्य. दोन्ही भाषणं शेजारी ठेवूनच वाचावीत.

एक गंमतही सांगते. १० डिसेंबरच्या कामकाजात आर. व्ही. धुळेकर हिंदुस्तानीतच बोलणार म्हणून हटून बसतात. आडनाव दिसताच मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “मॅडम, हाऊ धुळानाच शे का?” ते झाशीचे, हे सांगेपर्यंत भाषेच्या वादात सगळा वर्ग गुंतलेला असतो.

माझ्या मते या वेबसाइटचा खरा कस गावाच्या प्रश्नावर लागतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याला स्थानिकपणाचं डबकं आणि अज्ञानाची, कोत्या मनाची गुहा म्हटलं. आमच्या खेड्यातल्या मुलांना हे लागतं. काही चिडतात, काही मान खाली घालतात, कारण गावात विहीर कुणाची आणि वाट कुणाची हे त्यांना माहीत असतं. दुसऱ्याच दिवशी एच. व्ही. कामत उठून या टीकेला शहरी पंडिताची वृत्ती म्हणतात. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती येते आणि मसुद्यात मुळात नसलेलं ग्रामपंचायतीचं कलम संविधानात येतं, आजचं कलम ४०. आंबेडकर ती दुरुस्ती स्वीकारतात. वर्गाचे दोन गट केले की कोणता गट बरोबर हे मी सांगत नाही. तिथून पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा असं पुढे जाता येतं. अक्कलकुवा, धडगाव हे तालुके पाचव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानाने आदिवासी क्षेत्र म्हणून वेगळ्या ठेवलेल्या भागात, म्हणून तो कायदा आमच्या मुलांच्या घरापर्यंत पोचलेला आहे. त्यानंतर मुलांना आपापल्या गावच्या ग्रामसभेला पाठवते. इतिवृत्ताच्या वहीत काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय बोललं गेलं, हे दोन्ही टिपून आणायचं. हे काम वेबसाइट करून देत नाही, ते शिक्षकानेच जोडायला हवं.

आता अडचणी. सगळ्यात मोठी भाषेची. चर्चा इंग्रजीत आहेत, आणि १९४६ चं इंग्रजी आमच्या मुलांना पेलत नाही. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात हिंदी आवृत्ती मिळते, पण तिथलं सरकारी हिंदीही सोपं नाही. मी अर्धं पान निवडते, अवघड शब्द समासात लिहून झेरॉक्स देते, आणि तीन-तीन मुलांना मिळून मराठी करायला लावते. सातपुड्यात रेंज नसते, म्हणून कागद हवाच. दुसरं, चर्चांमध्ये सभागृहात बोललं गेलं तेवढंच दिसतं. समित्यांमध्ये आधीच काय ठरलं होतं, ते या चर्चांवरून कळत नाही. ते शिक्षकाने सांगितलं नाही तर संविधान नुसत्या भाषणांनी झालं असा समज होतो. आणि परीक्षेत याचे वेगळे मार्क नाहीत. मुलं विचारतात, “मॅडम, हे पेपरात येणार का?” मी खरं ते सांगते: जसंच्या तसं येणार नाही, पण वैशिष्ट्यांच्या उत्तरात कामत किंवा जयपाल सिंग लिहिलात तर तपासणाऱ्याला तुम्ही वाचलंय हे दिसेल.

नुसतं व्याख्यान देणाऱ्यांना ही वेबसाइट उपयोगाची नाही. अभिरूप संसद भरवणाऱ्यांनी मात्र आधी हीच उघडावी. आमच्याकडे मुलं टीव्हीवरच्या वादासारखी ओरडायची. खरी चर्चा वाचल्यावर ती ‘माझ्या मित्राच्या दुरुस्तीला माझा विरोध आहे, कारण’ अशी सुरुवात करायला लागली.

पाचपैकी साडेचार. अर्धा मराठीसाठी राखून ठेवलाय. वापरणार असाल तर जुलैत लगेच ४ नोव्हेंबर काढू नका, मुलं अजून एकमेकांना नीट ओळखत नसतात आणि गावाचा वाद जातीवर घसरतो. आधी १९ डिसेंबर वाचून घ्या, मुलांना बोलायची सवय होऊ द्या, आंबेडकरांचं भाषण गणपतीच्या सुट्टीनंतर घ्या.