जुनी गाडी कोणी ठोकली आणि "क्लेम मी करून देतो" म्हणणारा भेटला तर सांभाळा

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी आहे आणि तिच्यावर फक्त थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरणारा विमा) काढलेली आहे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण हे क्लेमवाले एजंट अशाच गाड्या हेरतात. फर्स्ट पार्टी (स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरणारा विमा) असलेला माणूस सरळ आपल्या कंपनीला फोन लावतो, थर्ड पार्टीवाला मात्र धरूनच चालतो की आपल्याला काही मिळणार नाही, जे हातात पडेल ते घ्या. त्यावरच यांचं दुकान चालतं.

गाडी आमच्या बाबांची, पांढरी वॅगनआर, २०१० चं मॉडेल. विकली असती तर लाख-सव्वा लाख आले असते. पुणे-सातारा हायवेला शिरवळच्या जवळ ट्रॅफिक थांबलेलं, बाबाही थांबलेले, आणि मागून एक मोठी एसयूव्ही येऊन आदळली. वॅगनआर पुढच्या ट्रकमध्ये घुसली, मागची डिकी सीटपर्यंत आत आली, पुढे रेडिएटर फुटून सगळं पाणी रस्त्यावर. बाबांच्या छातीवर बेल्टचा काळानिळा वळ, बाकी नशीबच म्हणायचं.

एसयूव्हीवाला उतरला तो हात जोडूनच. "काका, चूक शंभर टक्के माझी. पोलिसात गेलो तर दोन्ही गाड्या जमा होतील, या वयात तुम्हाला कोर्टाचे खेटे कशाला, माझा माणूस येतोय तो माझ्या इन्शुरन्समधून तुमचे पूर्ण पैसे काढून देईल." मी तेव्हा नागपूरला होतो, बाबांनी फोनवर सांगितलं की मुलगा चांगल्या घरचा वाटतो, काही काळजी करू नकोस.

मग तो "माणूस" आला, सोबत क्रेन आणि हातात तयार फाईल. बाजूच्या हॉटेलात चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत सह्या झाल्या पण. बाबांना सांगितलं क्लेमचे कागद आहेत. प्रत्यक्षात काय होतं ते आम्हाला नंतर कळलं, एक ५०० चा स्टॅम्पपेपर, त्यावर असं की अपघातात कोणाचीच चूक नाही, पंधरा हजार रोख मिळाले, गाडी आहे त्या स्थितीत विकली आणि यापुढे काही तक्रार नाही, आणि त्याच्याखाली आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी नावावरून ट्रान्सफर करायचे, खरेदीदाराचं नाव कोरं. बाबांनी विचारलं होतं की हे पंधरा हजार कसले, तर म्हणे ॲडव्हान्स आहे काका, बाकीचे कंपनी खात्यात टाकेल. ओरिजिनल आरसी तिथेच घेतली. आणि दोन दिवसांनी घरी येऊन दुसरी चावी घेऊन गेला. चेंदामेंदा झालेल्या गाडीची दुसरी चावी! कंपनीला जमा करावी लागते म्हणे.

पुढचं तुम्हाला माहितीच असेल. सर्व्हेअर (नुकसान मोजणारा माणूस) सुट्टीवर, मग फाईल हेड ऑफिसला, मग साहेब बदलले, आणि शेवटी आवाज चढवून "तुमच्या गाडीची आयडीव्ही झीरो आहे, एवढ्या जुन्या गाडीला कंपनी काही देत नाही, पंधरा मिळाले तेच खूप."

आता इथे नीट ऐका. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, तिचा इथे काही संबंधच नाही. आयडीव्ही ही आपण स्वतःच्या पॉलिसीतून स्वतःच्या गाडीचा क्लेम घेतो तेव्हाची भानगड. दुसऱ्याने आपली गाडी ठोकली तर त्याच्या थर्ड पार्टी कव्हरमधून आपल्या गाडीचं नुकसान भरून मागता येतं, ठोकणारी गाडी प्रायव्हेट कार असेल तर साधारण साडेसात लाखांपर्यंत (टू-व्हीलर असेल तर एक लाख). मागायचं काय, तर अपघाताच्या दिवशी गाडीची बाजारात जी किंमत होती ती, वजा भंगाराचे जे येतील ते. पण हे पैसे रस्त्यावर सही करून मिळत नाहीत, त्यासाठी मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करावा लागतो. लोकांना वाटतं तिथे फक्त मृत्यू आणि जखमींच्या केसेस चालतात, तसं नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ मध्ये मालमत्तेचं नुकसानही येतं. आणि २०२२ पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून तर हे लोक "फाईल हेड ऑफिसला" करत महिने काढतात.

मी एमपरिवहन ॲपवर एसयूव्हीचा नंबर टाकून तिची इन्शुरन्स कंपनी शोधली आणि शाखेत गेलो. तिथल्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की तुमच्या गाडीचा आमच्याकडे उल्लेखच नाही. म्हणजे थर्ड पार्टीची साधी खबरसुद्धा कोणी दिलेली नव्हती. गाडी नेलेल्या यार्डवर गेलो तर ती कधीच "पुढे गेली" होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर लाख रुपये बुडाले म्हणून सोडून दिलं असतं. पण बाबांच्या मोबाईलवर ई-चलनचा मेसेज आला. ओव्हरस्पीड, नवी मुंबई साईडला. फोटो उघडला तर नंबर आमचा, पांढरी वॅगनआर, पण अलॉय व्हील लावलेली, आणि मागच्या काचेवर बाबांनी डेपोतला निरोपाचा स्टिकर लावला होता तो गायब. डिकीला एक ओरखडा नाही. पोलिस स्टेशनातल्या एका हवालदारांनी मग शांतपणे समजावलं, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची, तिच्यावर अपघातातल्या गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) चढवायचा, लॉकसेटसुद्धा उचलून बसवतात, वर खरीखुरी आरसी आणि दोन चाव्या. घेणाऱ्याला शंका येणार कशाला? यांना आमचा पत्रा नकोच होता, आमचे कागद हवे होते.

आणि ट्रान्सफर मुद्दाम केलेली नाही, आरसी अजून बाबांच्या नावावर. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर नोटीस आमच्या दारात, कारण सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी मधल्यामध्ये कितीही हात फिरलेली असो. बाबांची झोप गेली ती या एका गोष्टीने, पैशाचं त्यांनी कधीच सोडून दिलंय.

म्हणून असं काही झालं तर समोरचा कितीही गोड बोलो, ११२ ला फोन करा. कोणी जखमी नाही म्हणून पोलिस गुन्हा घ्यायला टाळतील, निदान स्टेशन डायरीत नोंद करून तिची कॉपी घ्या आणि पंचनाम्याचा आग्रह धरा. मुका मार असला तरी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. दोन्ही नंबर प्लेट, किलोमीटरचा आकडा, चेसिस नंबर, सगळ्याचे फोटो काढा. गाडी आपल्याच ओळखीच्या गॅरेजला न्या आणि परवानाधारक सर्व्हेअरकडून किमतीचा रिपोर्ट घेतल्याशिवाय हलू देऊ नका. गाडी पूर्ण गेलीच असेल तर आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं असतं, आणि भंगारात द्यायची तर सरकारी नोंदणी असलेल्या स्क्रॅपिंग सेंटरलाच द्या, ते डिपॉझिट सर्टिफिकेट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला देतात. कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही तर सख्ख्या मेव्हण्यालाही देऊ नका.

आमच्याकडे यातलं फारसं काही नव्हतं. बाबांनी त्या दिवशी मला व्हॉट्सॲपवर टाकलेले फोटो होते, त्यातल्या एकात एसयूव्हीचा नंबर दिसतो, आणि खेड शिवापूर टोलचा फास्टॅगचा मेसेज. त्यावर वकिलांनी मुदतीच्या आत दावा टाकला, फसवणुकीची तक्रार वेगळी दिली, आरटीओने गाडी ब्लॅकलिस्ट केली. परवा त्या एजंटचा फोन, "दादा कशाला वाढवताय, अजून पंचवीस देतो, तक्रार मागे घ्या." म्हणजे झीरो आयडीव्हीच्या गाडीचा भाव चाळीसवर आला. कॉल रेकॉर्ड करून तपास अधिकाऱ्यांना पाठवलाय, आणि दाव्याची नोटीस एसयूव्हीवाल्याला आणि त्याच्या कंपनीला दोघांनाही लागली आहे.