रोज एक संत, पण अर्धाच: टेबलावरच्या कॅलेंडरचं परीक्षण

ख्रिस्ती इतिहासातल्या व्यक्तींवरची ‘रोज एक पान’ कॅलेंडरं बरीच निघतात. हे त्यातलंच एक. ३६६ पानं, वर स्पायरल, तारीख आहे पण वार नाही, त्यामुळे वर्ष सरलं तरी टाकून द्यावं लागत नाही. चित्र, सात-आठ ओळींचं चरित्र आणि तळाशी एक वचन. टाइप मोठा, कागद जाड. खोट आहे ती मजकुरात.

इंग्रज पाळक आणि गीतकार जॉन न्यूटन यांचं पान घ्या. १७४८च्या वादळात खलाशाला देव आठवतो आणि पुढच्याच ओळीत त्यांचं प्रसिद्ध भक्तिगीत ‘अमेझिंग ग्रेस’. मधली वर्षं गायब! त्या वादळानंतरही न्यूटन गुलामांच्या जहाजांवर कप्तान होते. १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही प्रकृतीमुळे. पाळकपदाची दीक्षा १७६४ मध्ये, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धची पुस्तिका थेट १७८८ मध्ये. म्हणजे वादळापासून ४० वर्षं. जुनी सवय सुटत नाही म्हणून खचलेल्या माणसाला धीर मिळतो तो या ४० वर्षांतून. एका रात्रीत पालटलेला न्यूटन वाचून तो आणखीच खचेल.

संत ऑगस्टीनचीही तीच गत. ‘मला शुद्धता दे, पण एवढ्यात नको’ ही तरुणपणची प्रार्थना त्यांनी स्वतः ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या आठव्या भागात नोंदवली आहे, इथे ते थेट ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतात. लिझ्यूच्या तेरेझ या फ्रेंच संन्यासिनीचं पान मात्र छान जमलंय. प्रार्थनेच्या वेळी डुलकी लागते हे त्यांनीच लिहिलं होतं, ते संपादकांनी कापलेलं नाही.

वचनांबाबत सावध राहा. ‘मला तुझ्या शांतीचं साधन कर’ ही प्रार्थना असिसीच्या फ्रान्सिस यांच्या नावावर दिली आहे. ती सुंदरच आहे, पण १९१२ मध्ये एका फ्रेंच मासिकात निनावी छापली गेली. फ्रान्सिस वारले १२२६ मध्ये. ‘ख्रिस्ताला आता तुमच्याशिवाय देह नाही’ हेही स्पॅनिश संत आविलाच्या तेरेसांच्या लिखाणात सापडत नाही. वचनाखाली ग्रंथ आणि प्रकरण दिलेलं असेल तर मूळ उघडून पाहता येतं. नुसतं नाव असेल तर ते प्रवचनात किंवा शुभेच्छापत्रावर उतरवू नका.

तारखांचं काम बहुतेक नीट आहे. आविलाच्या तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२च्या रात्री वारल्या आणि दहा दिवस वगळणाऱ्या नव्या ग्रेगोरियन पंचांगामुळे दुसरा दिवस १५ ऑक्टोबर उजाडला, म्हणून त्यांचा सण १५ला. ही तळटीप आवडली. हवाईतल्या मोलोकाई बेटाच्या डेमियन यांचा सण मृत्यूच्या १५ एप्रिलला नाही, १० मेला का, याचंही उत्तर आहे: १८७३ मध्ये त्या दिवशी ते कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत पोचले. पण ऑगस्टीनच्या आई मोनिका चर्चच्या सणांच्या जुन्या यादीप्रमाणे ४ मेला बसवल्या आहेत. कॅथलिक चर्चच्या १९६९च्या यादीत त्या २७ ऑगस्टला, मुलाच्या आदल्या दिवशी येतात. इथे मायलेकांची ताटातूट झाली आहे.

रोज पान उलटलं तर संध्याकाळपर्यंत नावही आठवत नाही. एकच पान आठवडाभर उभं ठेवा, त्या व्यक्तीचं स्वतःचं लिखाण दोन पानं तरी वाचा आणि चरित्रातल्या सालांमधलं अंतर पेन्सिलीने समासात लिहा. मोठी फट दिसली की तिथेच शोधायचं. चर्चच्या तरुण गटाला एवढं साहित्य १५ मिनिटांच्या चर्चेला पुरतं.

लहान मुलांच्या वर्गात ठेवणार असाल तर रक्तसाक्ष्यांची (श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्यांची) पानं आधी स्वतः वाचून घ्या. ७ मार्चला पर्पेतुआ आणि फेलिसिती यांचं २०३ सालचं कार्थेजमधलं मरण काहीही न झाकता सांगितलं आहे.