सिलिकॉन, क्विक की दोरा? फिशटँकमधली घरची सजावट पक्की करताना

तान्ह्या पोळ्याची मिरवणूक आटोपून लाकडी नंदी घरी आला की आमच्या लेकीला तो मासोळ्यांच्या टँकमध्ये उभा करायचा असतो. दरवर्षी मी नाही म्हणतो. ऑइलपेंट आणि वॉर्निश पाण्यात सुटत जातं, लाकूड फुगतं आणि चाकांचे खिळे गंजतात. यावर तोडगा म्हणून आम्ही दोघांनी फुटक्या कुंडीची अर्धी वाटी, चार कोऱ्या पणत्या आणि कन्हानच्या पात्रातले गोटे जमवून गुहा करायला घेतली. पणत्या कोऱ्याच हव्यात, दिवाळीत तेल प्यालेल्या नकोत. मग हे सगळं एकमेकांना जोडायचं कशानं, हा प्रश्न आला.

हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही होत भाऊ, हे लावा." जो डबा हाताशी असेल तो पुढे येतो. त्याआधी स्वतःला एक विचारा: टँक रिकामा आहे की त्यात पाणी आणि मासोळ्या आहेत? निम्मा निर्णय तिथेच होतो.

टँक रिकामा असेल, किंवा वस्तू बाहेर जोडून नंतर आत ठेवता येत असेल, तर सिलिकॉनला तोड नाही. टँकच्या काचाही त्यानंच जोडलेल्या असतात. ते सुकल्यावर रबरासारखं लवचीक राहतं, त्यामुळे दगड जरा हलला तरी तडकत नाही. खरेदी करताना मात्र ट्यूबवरचं सगळं वाचा. ‘अँटी-फंगल’, ‘सॅनिटरी’, ‘किचन-बाथरूम’ असं काही छापलेलं असेल तर परत ठेवा. बुरशी मारायला त्यात घातलेलं औषध मासोळ्यांना आणि फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंना सोडणार नाही. ‘अॅक्वेरियम’ असं स्पष्ट लिहिलेलं घेतलं की डोक्याला ताप नाही.

सिलिकॉन लावायची जागा कोरडी आणि धूळमुक्त हवी. मातीच्या भांड्याची भुकटी ब्रशनं झाडून, धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवा. ओल्या जागेवर ते धरतच नाही. बादली-मगाच्या प्लास्टिकवरही धरत नाही, म्हणून प्लास्टिकचं खेळणं दगडाला चिकटवायचा बेत असेल तर सोडून द्या.

वाळायचा वेळ हा यातला सगळ्यात फसवा भाग. आपल्याला वाटतं, नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, तासाभरात कडक होईल. होतं उलटंच. सिलिकॉन उष्णतेनं वाळत नाही, हवेतला दमटपणा ओढून घेऊन घट्ट होतं. आपल्याकडे मेच्या दुपारी हवा पापड झालेली असते. वरची साय पटकन धरते, आतला भाग कच्चाच राहतो. साधारण हवामानात २४ तासांत दोन-तीन मिलिमीटर जाडी पक्की होते, आणि दोन सपाट वस्तूंच्या मध्ये दाबलेल्या थराला तर हवा कडेनंच मिळते. म्हणून उन्हाळ्यात हे काम कूलरच्या खोलीत ठेवा (झोताच्या तोंडाशी नको, धूळ बसते) आणि आठवडा जाऊ द्या. पावसाळ्यात तीन-चार दिवसांतही चालून जातं. खूण सोपी आहे. बहुतेक सिलिकॉन घट्ट होताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. नाक जवळ नेऊन तो वास जराही येत असेल तर थांबा. वास गेला की दोन-तीन दिवस बादलीत बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मग टँक.

आता दुसरी बाजू. टँक चालू आहे, मासोळ्या फिरताहेत आणि आतल्या लाकडावर अॅन्युबियसचं रोप बसवायचंय. इथे सिलिकॉन बाद, क्विकचा गोंद कामाचा. फेविक्विक ज्या जातीचा आहे तो सायनोअॅक्रिलेट पाणी लागलं की लगेच घट्ट होतो, आणि घट्ट झाल्यावर मासोळ्यांना त्रास देत नाही. पण नेहमीची पातळ ट्यूब पाण्यात न्यायच्या आत पसरते आणि वर पापुद्रा धरते. जेलवाली घ्या. थेंब लावायचा, झटकन आत न्यायचं, दाबून किंचित फिरवायचं म्हणजे पापुद्रा फुटून आतला ताजा गोंद लागतो. भोवती पांढरा डाग उरतो, त्यावर शेवाळ चढलं की दिसत नाही.

हा गोंद ठिसूळ असतो. रोप, मॉस (शेवाळासारखी बारीक वनस्पती), लिंबाएवढे खडे, इथवर ठीक. मुठीपेक्षा मोठा दगड त्याच्या भरवशावर लटकवू नका. गुळगुळीत काचेवरून तो काही आठवड्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. आणि सांडला तर सुती फडक्यानं पुसू नका. कापसाशी त्याची अशी प्रतिक्रिया होते की कापड तापून धूर निघतो, बोट भाजतं.

एम-सीलसारखी दोन भाग मळून लावायची लांबी (पुट्टी) पाण्यातही घट्ट होते, म्हणून मोह होतो. माझं मत विचाराल तर मासोळ्यांच्या पाण्यात ती नको. ती गळक्या पाइपासाठी बनवलेली वस्तू आहे. दोन्ही भाग अगदी एकजीव झाले नाहीत तर कच्चं हार्डनर (घट्ट करणारा भाग) आत राहतं आणि पाण्यात उतरतं, आणि उन्हाळ्यात ती इतक्या लवकर आळते की नीट मळायला सवडच मिळत नाही. मोठे दगड जोडायला लांबीच हवी असेल तर टँकसाठी म्हणून विकली जाणारी घ्या. महाग पडते.

थर्माकोलची पाठभिंत करणाऱ्यांसाठी माझी एक फजिती. दोन फुटी टँकसाठी दोन इंच जाड थर्माकोल कोरून, दगडासारखा रंगवून मागच्या काचेला चार ठिकाणी सिलिकॉनचे ठिपके दिले. रात्री धाडकन आवाज झाला आणि अख्खी भिंत वर आली, वाळूसकट. नंतर हिशोब केला: ६० × ३० × ५ सेंटिमीटर म्हणजे नऊ लिटर. थर्माकोलला स्वतःचं वजन जवळजवळ नाहीच, म्हणजे पाणी त्याला सुमारे नऊ किलोच्या जोरानं वर ढकलत होतं. अशी भिंत रिकाम्या, कोरड्या टँकमध्ये पूर्ण पाठीला सिलिकॉन फासूनच बसवायची. नाहीतर करूच नये.

मला सगळ्यात पटलेली पद्धत वेगळी. टँकच्या काचेला काहीच चिकटवायचं नाही, सजावट एका फरशीच्या तुकड्यावर जोडायची आणि तो तुकडा वाळूत पुरायचा. वजनच तिला धरून ठेवतं, आणि साफसफाईला सगळं एकसंध उचलून बाहेर येतं. तुकडा ग्रॅनाइटचा किंवा टाइलचा घ्या. ओट्याचा उरलेला काळा कडप्पा आणि कोटा टाळलेले बरे, ते चुनखडीच्या जातीचे असतात आणि पाणी हळूहळू जड (क्षारयुक्त) करतात. गप्पी, मॉली जातीच्या मासोळ्या असतील तर त्यांना ते चालतं, टेट्राला नाही. शंका आली तर व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर चुना आहे. हीच परीक्षा रामटेककडून उचलून आणलेल्या पांढऱ्या दगडांचीही घ्या, कारण त्या पट्ट्यात संगमरवर आहे. मनसरच्या बाजूचा काळा, हातात घेतल्यावर विनाकारण जड वाटणारा दगड मँगनीजचा असू शकतो. तो शोकेसमध्ये ठेवा.

बांधून भागत असेल तर गोंदाची गरजच काय? मॉस सुती दोऱ्यानं बांधा. दोरा काही आठवड्यांत कुजतो, तोवर मॉसनं पकड घेतलेली असते. नायलॉनची तंगूस टिकते, पण सैल सुटलेल्या फेऱ्यात मासोळी अडकते, म्हणून गाठीचं टोक अगदी कापून टाका. तांब्याची तार अजिबात नको, झिंगे आणि गोगलगायींना ती विष आहे. बांधकामाची तार गंजते. तरंगणाऱ्या लाकडाला तर महिनाभर वरून दगड ठेवला तरी पुरतं, पाणी पिऊन ते स्वतःच बसतं.

ग्लू गनचा गोंद काचेवरून आणि दगडावरून पाण्यात सुटतो. फेविकॉल पाण्यात मऊ पडतो. दोन्ही शाळेच्या प्रोजेक्टला ठेवा.

कधीतरी हे सगळं काढायची वेळही येते. क्विकचा जोड हातानं मुरगळला की तुटतो, दोरा कात्रीनं सुटतो. काचेवरचं सिलिकॉन दाढीच्या ब्लेडनं, काचेला आडवं धरून खरवडावं लागतं. ते करताना कोपऱ्यातल्या जोडापासून दोन बोटं लांब राहा. तिथे ब्लेड लागलं तर सजावट निघेल आणि मागोमाग पाणीही.